हिरव्याला पिवळे काठ

शेपूच्या भाजीत मुगाची डाळ घालतात, ती मला बघवत नाही. बाळंतिणीने शेपू खाल्ला की दूध येतं हे मलाही ठाऊक आहे. पण ताटात ती काड्याकाड्यांची हिरवी भाजी आणि तिच्यात फुटून पसरलेली पिवळी डाळ दिसली की तोंडाला पाणी सुटतं, ते खाण्याचं नव्हे, ओकारीच्या आधीचं. मी डोळे मिटून घास घ्यायचे. डोळे मिटले तरी जिभेला रंग कळतो असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून सांगितलं नाही.

नुसता हिरवा मला चालतो. नुसता पिवळाही चालतो. हळद रोज माझ्याच हातून फोडणीत पडते. पण हिरव्याला पिवळा चिकटला की संपलं. दारव्ह्याला आमचं घर कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या मागच्या अंगाला, आणि घरामागे तुरीचं शेत. तूर फुलली की जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थांबतात, "काय फुलली व माय यंदा!" म्हणतात. मी त्या बाजूची खिडकी लावून घेते. लग्नात तोच रंग, ओटीत तोच, डोहाळजेवणात तोच, सगळ्या जगाला जो शुभ त्याचीच मला शिसारी. असली खोड देवाने कुणाला देऊ नये.

ही खोड जन्माची नाही. पहिल्या बाळाच्या वेळची आहे.

माझा पहिला मुलगा माहेरी, फुलसावंगीला झाला. बारशाला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मैनाबाई, दारव्ह्याहून आल्या त्या स्वतःच्या हाताने शिवलेली कुंची घेऊन. माझे हे पोटात होते तेव्हा त्यांना ओटीत आलेलं एक पोपटी लुगडं होतं, पिवळ्याधमक काठांचं. ते फाडून शिवलेली. डोक्याला हिरवं, कपाळावर पिवळी झालर, पाठीवरून खाली सोडलेल्या घोळाला पिवळा काठ. सगळ्यांनी वाखाणली. मीही वाखाणली. त्या कुंचीत तो हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा दिसायचा, आत एकच दाणा असलेल्या.

वैशाखात, दारव्ह्याला आल्यावर, त्याला हगवण लागली. हिरवं पाणीच जायचं, शेवाळ घोटल्यासारखं, आणि त्यात पिवळ्या गुठळ्या. लंगोट पुरेनात, दुपटी पुरेनात. शेवटी हाताला लागेल ते खाली घातलं, त्यात ती कुंचीही. काठ कुठे संपतो आणि घाण कुठे सुरू होते ते कळेना. मी बोटाने पुसून पुसून बघत होते, हा काठ की गू. माश्या हाकलायला कुणीतरी निंबाचा डहाळा हातात दिला होता, तोही हिरवाच. मग मला घेरी आली. शेजारच्या हमीदाने मला आत नेऊन निजवलं. उठले तेव्हा जमीन सारवून झाली होती, बाज उन्हात टाकली होती, आणि त्याचं म्हणून घरात काहीही उरलं नव्हतं. मी विचारलं नाही. गेलेल्या तान्ह्याचं नाव घेतलं की पुढचं लेकरू धरत नाही म्हणतात. त्या दिवसापासून त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डोहाळजेवणाला आत्याबाईंनी हिरवं लुगडं आणलं. काठ पिवळे. मी नेसले. पाटावर बसल्याबसल्या स्वतःच्या मांडीकडे नजर गेली आणि मी उठून न्हाणीकडे धावले. बायका हसल्या.

"पोट्टी होते पाहजो! पोट्टीच्या वक्ती ओकाऱ्या लय."

आत्याबाईही हसल्या. मी चूळ भरली आणि परत येऊन पाटावर बसले. ओकारीची चव तोंडात घेऊन पुरणपोळी खाल्ली.

पोट्टीच झाली. ऐन कापसाच्या दिवसांत, जिनासमोर गाड्यांची रांग रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलेली असताना. हे जिनात वजनकाट्यावर असतात. निरोप गेला तसे धावत आले ते केसांत, मिशीत, भुवयांवर कापूस घेऊनच. जमनाबाई सुईण म्हणाली, "घनश्यामभाऊ, बाहेरच थांबा. पोरीले वाटन बाप नाई, आजा आला."

तिने बाळाला न्हाऊ घालून, ओव्याची धुरी देऊन माझ्या कुशीत दिलं. बोंड उकलायच्या आधी आतला कापूस ओला आणि चुरगळलेला असतो, तशी तिच्या कानाची पाळी होती. मी ती उलगडून बघत होते. तेवढ्यात आत्याबाईंनी बाजेखालची पत्र्याची पेटी ओढली.

"पाह्य, काय काढलं म्या."

पोपटी कुंची. पिवळ्या झालरीची.

मला वाटलं, तीच. माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा, कारण त्या घाईने म्हणाल्या, "थे नोहे, थे नोहे. अर्धं लुगडं राह्यलं होतं ना माह्यापाशी, त्यातली हाय. कोरी. अजून कोणाच्या डोक्शाले नाई लागली."

म्हणजे दुसरी, पण त्याच लुगड्याची. त्यांनी ती बाळाच्या डोक्यावर चढवली, हनुवटीखाली नाडी बांधली आणि तिला माझ्या छातीशी आणलं. झालर मला लागली. मऊच होती. मला वास आला. तो वास तिथे नव्हता हे मला कळत होतं. पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता तो. पण त्या वासाच्या खालून वैशाखातला आंबूस वास वर आला. बाळाने तोंड उघडलं, ओठ लावले, आणि मी तिला दूर सारून बाजेच्या कडेवरून ओकले.

"बाळंतवारा," जमनाबाई म्हणाली आणि राख आणायला गेली.

पुढे मी शिकले. आत्याबाई विहिरीवर गेल्या की नाडी सोडायची, कुंची उशीखाली सारायची, पोरीचं उघडं डोकं पदराखाली घ्यायचं आणि पाजायचं. उघडी ती किती छान होती. टाळूवर ठोका उडायचा, त्यावर मी ओठ ठेवायचे. बाहेर बादली वाजली की तिचं तोंड सोडवून पुन्हा ते हिरवं-पिवळं चढवायचं. ती रडायची. स्वतःच्या लेकराला चोरून पाजायचं आणि अर्ध्यात तोडायचं. एकदा उशिरा बादली ऐकली आणि सापडले.

"टाळू उघडा! थंडीच्या दिवसात! अवं, तुले लेकरू ठेवाचं हाय का नाई?"

"घाम येतो तिला, आत्याबाई."

"घाम! एवढ्याशा जिवाले कायचा घाम? मलेच शिकवून राह्यली."

त्यानंतर त्या विहिरीवर मोलकरणीला पाठवू लागल्या आणि स्वतः उंबऱ्यात बसू लागल्या. पोरगी कुंचीत, कुंची माझ्या छातीशी. मी भिंतीकडे तोंड करून पाजायचा प्रयत्न करायचे, तर भिंतीला पिवळी पिवडी लावलेली आणि खिडकीचं दार हिरवं. घरच मला त्या कुंचीसारखं दिसू लागलं. अंग आकसायचं, आणि दूध आलेलं परत जायचं. जातं तसं, ज्यांचं गेलंय त्यांना विचारा. पोरगी ओढ ओढ ओढायची, मग दमून सोडून द्यायची, आणि माझ्याकडे न बघता रडायची.

ह्यांना मी एवढंच म्हटलं, "पांढरा मांजरपाट आणाल का? थोडासा. तिला दुपटं करते."

ह्यांनी विचारलं नाही कशाला. आणला. पडल्यापडल्या मी कुंची शिवली. मला पांढरं म्हणजे दूध, धुतलेलं आकाश, यवतमाळच्या दवाखान्यातल्या चादरी. पांढऱ्यावर घाण लपून बसत नाही. ठिपका पडला तरी ओरडून सांगतं, इथे आहे, धू. त्या दुपारी आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी पोरीला पांढरं घातलं, नाडी बांधली, आणि तिने तोंड लावलं मात्र, छातीत मुंग्या धावल्या. येत होतं. येतच होतं.

आत्याबाई शेपूचं ताट घेऊन आत आल्या.

ताट त्यांनी ठेवलं नाही, ते सुटलं. हिरवं-पिवळं जमिनीभर झालं.

"काढ थे."

"आत्याबाई, धुतलेलं आहे, चांगलं कोरं..."

"काढ म्हटलं ना! काहून घातलं? कोणं सांगतलं तुले पांढरं घालाले?"

त्यांनी नाडी सोडली नाही, तोडली. कुंची दोन बोटांत अशी धरली, जसा मेलेला उंदीर शेपटीने धरतात, आणि चुलीत टाकली. मांजरपाट जळल्याचा वास घरभर झाला. पोरगी टाहो फोडत होती. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या हातांचीही किळस आली: तेलकट, नखांत हिंग आणि ओवा, आणि तेच हात परत पेटीतलं ते काढून माझ्या लेकीच्या गळ्याशी बांधत होते. माणसाला माणसाची इतकी किळस येऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं. ही बाई मुद्दाम करते, असंच मला वाटलं. पहिला गेला त्याचं हिला काहीच नाही, लुगडं वाया जाऊ नये एवढंच आहे.

बारशासाठी विमलताई आल्या, लोहाऱ्याहून. माझ्या नणंद. पाय धुतानाच त्यांचं तोंड सुरू झालं.

"आई सांगून राह्यली, वहिनीले हिरवं चालत नाई, पांढरंच पाह्यजे. मिशनातली मेम हाय का व तू? का आम्हा गरिबाचं लुगडं टोचते?"

"टोचत नाही, ताई."

"मंग? लुगड्यानं काय घोडं मारलं तुहं? एवढं झकास तं..." आणि बोलत बोलत त्यांनी पोरीला उचललं, कुंची जरा मागे सारली, आणि थांबल्या. हातानेच टाळू चाचपली.

"आई," त्या एकदम हळू म्हणाल्या, "इच्या टाळूले खड्डा पडला व."

आत्याबाई उठून आल्या. मी बसूनच राहिले. मला तो खड्डा माहीत होता. तो मी आधीही पाहिला होता, वैशाखात, दुसऱ्या एका डोक्यावर.

जमनाबाईला बोलावलं. तिने माझी छाती दाबून पाहिली, तोंड वाकडं केलं. "आटून राह्यलं. बकरीचं पाजा बोळ्यानं. पण मायचं नाई भेटलं तं..." तिने आपली पिशवी घेतली.

बकरी हमीदाकडे. तिचं घर आमच्या परसाला लागून, मधे कमरेएवढी भिंत. तिचा नवरा युनूस मोटारस्टँडवर मोटारी दुरुस्त करतो. ती वाटीत दूध घेऊन मागच्या दाराशी आली आणि तिथेच थबकली, कारण आत आत्याबाईंनी एका हाताने माझी मान धरली होती आणि दुसऱ्या हाताने पोरीला माझ्या छातीवर दाबलं होतं. कुंचीची नाडी त्यांनी पुन्हा आवळली होती.

"पाज! मन घट्ट कर अन् पाज! आई हायेस का कोण हायेस?"

झालर माझ्या हनुवटीला घासत होती.

"हा रंग नाही, आत्याबाई," मी ओरडले. आवाज माझा वाटला नाही. "हा गू आहे. त्याचा. हा बघा काठ, हा बघा! तुम्ही तिला त्याच्या गुवात गुंडाळलंय, आणि म्हणता पाज!"

"शी! काय बोलून राह्यली व वहिनी!" विमलताई म्हणाल्या. "शुभाच्या कपड्याले?"

आत्याबाईंनी माझी मान सोडली. मला वाटलं, आता मारतील. त्या खाली बसल्या. पोरीच्या कपाळावरची झालर त्यांनी दोन बोटांत धरली, आणि अंगठ्याने पुसून बघितली. अगदी तशीच, जशी मी बघत होते.

"थे पहिली धुतली होती म्या," त्या म्हणाल्या. "विहिरीवर. रिठ्यानं धुतली, राखेनं धुतली. हिरव्यातलं निंघालं. पिवळ्यात काय राह्यलं काय गेलं, समजेच ना. मंग तशी घाणेरडी त्याच्या आंगावर कशी घालू? घरात मांजरपाट होता. थो फाडला."

झालर अजून त्यांच्या बोटांतच होती.

"तू तं पडून होतीस. म्याच गुंडाळलं. हातपाय आत घेतले, तोंडावर घेतलं. पांढऱ्यात थो इतकुसा दिसे व, इतकुसा..." त्यांनी हाताने माप दाखवलं आणि हात तसेच हवेत राहिले. "तवापासून मले पांढरं पाह्यलं का पोटात गोळा येते. भात बी नाई पाहवत."

तेव्हा मला दिसलं, इतके दिवस समोर असलेलं. भात वाढला की आत्याबाई मीठसुद्धा घ्यायच्या आधी त्यावर वरण ओतायच्या, कडेचं एक शीतही पांढरं राहू द्यायच्या नाहीत. चहा बिनदुधाचा प्यायच्या. मी तो चिक्कूपणा समजत होते, माहेरी जाऊन हसूनही आले होते. आणि मी त्यांच्या डोळ्यांपुढे काय ठेवलं होतं? पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळलेलं तान्हं.

"मुकुंदाले," त्या म्हणाल्या, "मुकुंदाले म्या पांढऱ्यात देलं. इले नाई देणार."

त्याचं नाव घरात किती दिवसांनी ऐकलं. मुकुंदा. विमलताईंनी पदर तोंडात धरला.

आत्याबाईंनी स्वतःच नाडी सोडली. कुंची काढून मांडीखाली दडवली, माझ्या नजरेआड. पोरीचं डोकं उघडं पडलं तसं त्यांनी ते तळव्याने झाकलं. दुसरं काय घालणार? पेटीत जे होतं ते सगळं त्यांच्या सौभाग्याचं, हिरवंच. बाहेर जो होता तो मांजरपाट.

"चुकलं माहंच," त्या म्हणाल्या. "पहिलं गेलं असलं का दुसऱ्याले घरचं घालू नाई. मागून घालतात, लोकाच्या घरचं. सांगतलं होतं मले बायाईनं. म्या म्हटलं, माह्या पेटीत कापड असतानी मैनाबाई कोणापुढं पदर पसरन? मालगुजाराची लेक मी."

एवढं बोलून त्या उठल्या, पोरीला विमलताईंकडे दिलं, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या हमीदापुढे जाऊन दोन्ही हातांनी पदर पसरला.

"हमीदा, माह्या नातीले कापड दे व. मागतं."

हमीदा इतकी गांगरली की दुधाची वाटी तिने तशीच त्या पदरात ठेवली. "अय्यो मौसी! ये क्या करते तुम? मेरेकू शरम आती. अंदर तो बैठो!"

"बसत नाई. मागाले आली. दे काय असन थे."

"काय असन थे तर देऊ. पर अच्छा कुछ होना ना!" म्हणत ती भिंत ओलांडून गेली. आम्ही वाट पाहत राहिलो. तिच्या घरातून पेट्या ओढल्याचे आवाज, मग भांडी पडल्याचा, मग तिचं पुटपुटणं. परतली तेव्हा हातात दोन तुकडे. एक युनूसच्या जुन्या खाकी विजारीचा पाय, त्यावर मोटारीच्या तेलाचा काळपट डाग. दुसरा साटिनचा, गुलाबी. असा गुलाबी की डोळ्यांवर हात घ्यावा.

"बस्स, येइच है," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "गुलाबी ईद का है, मेरी भानजी के कुर्ते का बचा हुआ. और ये... धोया हुआ है मौसी, खुदा की कसम. वो दाग जाताइच नहीं."

विमलताईंचं तोंड उघडलं. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. मागून आणलेल्याला नाव ठेवायचं नसतं. रंग निवडायचा नसतो, बदलून मागायचा नसतो. मिळेल ते लेकराच्या अंगाला लावायचं.

आत्याबाई उंबऱ्यात उजेडाला बसल्या आणि शिवू लागल्या. विजारीचं कापड जाड, सुई जाईना. दातांनी ओढत होत्या. मी बाजेवरून बघत होते आणि माझ्या मनात आलं, इतकं भिकार मी जन्मात काही पाहिलं नाही. खाकी म्हणजे वाळलेलं शेण. गुलाबी म्हणजे जत्रेतल्या पत्र्याच्या डब्यातली मिठाई, जिच्यावर माश्या बसतात. दोन्ही एकमेकांशेजारी आले की दात आंबल्यासारखं होत होतं. आत्याबाईंनाही होत असावं. मधेच त्यांनी हात लांब करून ते पाहिलं आणि नाक मुरडलं, पण बोलल्या नाहीत. तोवर बकरीचं दूध विमलताई बोळ्याने पाजत होत्या. निम्मं गालावरून ओघळत होतं.

कुंची झाली. जाड, ताठ, डोक्यावर उभीच राहणारी. खाकी डोकं, गुलाबी झालर, आणि तेलाचा डाग बरोबर कानामागे. आत्याबाईंनी ती पोरीला घातली आणि तिला माझ्या हातात दिलं. या वेळी मान धरली नाही. जरा लांब उभ्या राहिल्या.

मी खाली बघितलं आणि वाट पाहिली. काय वर येतंय आता, कुठला वास, कुठला महिना. मोटारीच्या तेलाचा वास आला. तो तेलाचाच होता. त्या रंगांकडे मी बघत राहिले आणि मला कुणी आठवलं नाही, काही आठवलं नाही. घाणेरडं दिसत होतं, पण नुसतंच घाणेरडं. त्याच्यामागे कुणी नव्हतं. खाकी आणि गुलाबीच्या मधे एवढंसं तोंड होतं, आणि ते हिचं होतं. फक्त हिचं.

तिने ओठ लावले. आधी दुखलं, काटे टोचल्यासारखं. मग काही नाही. मग मुंग्या. तिच्या घशात गुटूक असा आवाज आला, आणि पुन्हा, आणि हमीदा दारातून म्हणाली, "पी रही! मौसी, पी रही!"

आत्याबाई पाठ फिरवून जमिनीवर सांडलेलं दूध पुसायला लागल्या. पांढरं होतं ते. डोळे मिटून पुसत होत्या.

बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावलं की आधी दचकायच्या, मग एकमेकींना कोपरं मारायच्या. "हे काय व मैनाबाई, हवालदार झाला का तुम्हाले?" आत्याबाई सगळ्यांना एकच उत्तर देत होत्या, "मागतं हाय," आणि ते ऐकलं की बायका गप्प व्हायच्या, कारण मागत्या कापडामागे काय असतं ते प्रत्येकीला ठाऊक. विमलताईंनी कानात कुर्रर्र केलं, मंदाकिनी हे नाव सांगितलं, आणि वर मोठ्याने म्हणाल्या, "मंदाकिनी हवालदारीण, सलाम!" त्या दिवशी पाळण्याखालून पोरीला घ्यायला हमीदाही होती, घुगऱ्यांची ओंजळ आत्याबाईंनी तिला आधी दिली.

पाहुणे गेल्यावर आत्याबाई माझ्यापाशी आल्या. हात पदराखाली.

"थे फेकून देऊ?"

पदराखाली काय आहे ते मला कळलं, आणि घशाशी आलंही.

"फेकू नका," मी म्हटलं. "पेटीत ठेवा. अगदी तळाशी. पण मी समोर असताना काढू नका कधी."

"नाई काढत," त्या म्हणाल्या. "तूही मांजरपाट..."

"नाही आणणार."

त्या पेटीकडे गेल्या आणि मी भिंतीकडे तोंड केलं, तर तिथे पिवडी आणि हिरवी खिडकी. मग पोरीकडे तोंड केलं.

माझी खोड गेली नाही. शेपू मी अजून डोळे मिटूनच खाते, आणि आत्याबाई भातावर अजून वरण ओततात. आता मीच त्यांच्या ताटात भात वाढताना वरणाखालीच वाढते. होळीच्या आधीच्या बाजाराला हमीदाबरोबर गेले होते. पोरगी आत्याबाईंजवळ. लुगड्यांच्या पालांवरून जाताना वाऱ्यावर एक हिरवं टांगलेलं होतं, पिवळ्या काठांचं, आणि मी पदर नाकाला लावून, खाली मान घालून पुढे झाले. हमीदा माझ्या कोपराला धरून चालवत होती, आंधळीला चालवावं तसं.

मोटारस्टँडपाशी मान वर केली. मोटारीच्या पायरीवर एक ड्रायव्हर बसला होता. खाकी सदरा, काखेत घामाचे डाग, आणि गळ्यात लेकरांसाठी घेतलेल्या साखरेच्या गाठी घातलेल्या. गुलाबी. तो विडी ओढत होता आणि जमिनीवर थुंकत होता.

माझ्या छातीत मुंग्या धावल्या. सांभाळायच्या आत चोळी ओली झाली. मी पदर पुढे ओढला, तर पदरही ओला.

"क्या हुआ, भाभी?" हमीदा म्हणाली. मग तिने ड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्या पदराकडे, आणि भर बाजारात तोंडावर हात ठेवून हसत सुटली.

"हसू नका," मी म्हटलं. "घरी चला लवकर. भूक लागली असेल तिला."